काल्याच्या कीर्तनात बुडालेली लाट

मित्रांनो, कीर्तनाला बुवा लागतो, टाळकरी लागतात आणि खांबाला टेकून बसलेला एखादा म्हातारा श्रोताही लागतो. तो गात नाही, टाळ धरत नाही. नुसता ऐकतो. मी तसाच एक जुना श्रोता आहे. फरक एवढाच, की तो म्हातारा कीर्तन संपल्यावर घरी जाऊन सुनेला चार शब्द सांगू शकतो. मला तोंडच दिलेलं नाही.

लोक मला भूकंपमापक म्हणतात. दिसायला मी पंगतीत वाढप्याच्या हातात असते त्या बादलीएवढा. माझ्या पोटात नाजूक स्प्रिंगवर टांगलेला एक जड लोलक आहे. जमीन हलली की माझं अंग तिच्याबरोबर हलतं, पण लोलक आळशी, तो जागचा हलायला बघत नाही. अंग हललं आणि लोलक राहिला, या दोघांत जो फरक पडतो तेच माझं ऐकणं. ते तारेतून शेजारच्या पेटीत जातं आणि तिथे त्याची रेघ होते. ती रेघ वाचायला दुसरं कोणीतरी लागतं.

माझा जन्म एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. तिथून मी मऊ स्पंजात गुंडाळून, पेटीत झोपून, नागपूरला आलो. पहिले काही दिवस मला एका संस्थेच्या तळघरात ठेवलं होतं. काय सांगू मित्रांनो, नागपूरची जमीन क्षणभर गप्प बसत नाही. वरून मेट्रो जायची, वर्धा रोडचे ट्रक जायचे, लिफ्ट वरखाली व्हायची, आणि मी सारखा दचकायचो. पण तिथेच मला भैरवीताई भेटल्या. प्रतापनगरला राहणाऱ्या, जमिनीच्या पोटाचा अभ्यास करणाऱ्या. त्यांनी आम्हा सगळ्या यंत्रांची परीक्षा घेतली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "याचा कान सगळ्यांत तिखट आहे. हा कडेवर बसणार." आयुष्यात माझं कौतुक झालं ते एवढंच. पण ते मला अजून पुरतं आहे.

कडेवर म्हणजे कुठे, ते सांगतो. नागपूर सपाटीवर आहे. उत्तरेला निघालं की जमीन एकाएकी चढू लागते आणि सातपुड्याचं पठार सुरू होतं. वरचे डोंगर सगळ्यांना दिसतात. पण त्यांच्या खाली काय आहे? झाडाला जसं मूळ असतं तसं पठारालाही खाली जाड मूळ आहे का? असेल तर ते नेमकं कुठून सुरू होतं? आपण ज्यावर घरं आणि धरणं बांधतो ते पृथ्वीचं कवच कुठे जाड आहे, कुठे पातळ आणि कुठे जुनं दुखणं धरून बसलंय, हे कळलं तर पुढे जमीन हलेल तेव्हा माणसं वाचू शकतात. भैरवीताईंना हेच शोधायचं होतं. एवढं खोल तर कोणालाच खणता येत नाही. मग करायचं काय? ऐकायचं.

दूर कुठे मोठा भूकंप झाला की त्याच्या लाटा पृथ्वीच्या पोटातून निघतात आणि खालून वर, आपल्या पायांशी येतात. वाटेत कवचाचा तळ लागतो. तिथे लाटेतून दुसरी, संथ चालीची लाट फुटते. पहिली पुढे येते, दुसरी मागून. अगदी कीर्तनात होतं तसंच बघा! बुवा चरण म्हणतात आणि मागचे टाळकरी तो उचलतात. टाळकरी जितके मागे, तितका त्यांचा सूर उशिरा पोचणार. मी त्या दोन सुरांमधलं अंतर ऐकायचं. अंतर जास्त, तर कवच जाड.

आम्हा भावंडांना एका ओळीत बसवलं. एक बुटीबोरीच्या पलीकडे, कारखान्यांपासून लांब एका शेतात. दोघं वर पठारावर. आणि बरोब्बर मध्ये, घाट जिथे सुरू होतो तिथल्या उंबरडोह नावाच्या गावात, मी. सपाटीची गोष्ट एक भाऊ सांगणार होता, पठाराची दोघं. सपाटी संपून पठार सुरू होतं ती गोष्ट फक्त मी सांगू शकत होतो.

पंचायतीच्या जुन्या गोदामामागे कातळावर खड्डा करून, सिमेंटचा ओटा घालून मला बसवलं. अख्खं गाव बघायला आलं होतं. पुढे होता धोंडबा, गावचा मृदंग वाजवणारा. त्याच्या जिभेला हाड नव्हतं.

"मॅडम, हे दिवसभर करते काय?"

"ऐकतं," भैरवीताई म्हणाल्या. "लांबच्या भूकंपाची लाट इथपर्यंत येते. आपल्याला कळत नाही, याला कळतं."

"अन् नाई आली त?"

"तर वाट बघतं."

"म्हंजे आमच्या जावयासारखंच हाय," धोंडबा म्हणाला. "एका जागी बसून रायते, काई करत नाई, अन् कोनी जरासा आवाज केला का तोंड वाकडं करते."

सगळे हसले. ते हसणंही मला ओट्यातून ऐकू आलं. मग भैरवीताईंनी नीट समजावून सांगितलं. इथे गाडी उभी करू नका, जनावरं बांधू नका, जवळपास गोंगाट नको. "हाव," गाव म्हणालं. आणि मित्रांनो, गावाने शब्द पाळला. बैल दुसऱ्या टोकाला बांधले. पिठाची चक्कीसुद्धा तिच्या मालकाने उचलून रस्त्यापलीकडे नेली.

त्या गावात देवाजीबुवा राहायचे. दिवसा सायकली दुरुस्त करायचे आणि एरवी कीर्तन. त्यांचं पाऊल मी लवकरच ओळखू लागलो. रोज सकाळी ते खड्ड्याच्या कडेला येऊन उभे राहत, जरा वेळ थांबत आणि जात. एकदा बायकोला, पार्वतीबाईंना घेऊन आले.

"पायलं का वं? रात ना दिवस, एकटं ऐकून राहिलं हे. याच्या कानावर देवाचं नाव काई पडलं नाई. श्रोता असा उपाशी ठेवू नाई मानसानं."

"मंग काय करता?"

"यंदाचा सप्ता इथंच मांडू. नदीवरच्या देवळापाशी नाई, इथं."

"अवो, मॅडमनं गोंगाट नोका करू म्हनलं होतं न?"

बुवा अगदी मनापासून म्हणाले, "गोंगाट नोका करू म्हनलं. कीर्तन का गोंगाट असते काय वं?"

यावर पार्वतीबाई काय बोलणार? तुम्ही असता तर तुम्ही तरी काय बोलला असता? उत्तर फक्त माझ्यापाशी होतं. आणि तोंड नसलेला मीच काय तो होतो.

चैत्रातला सप्ताह माझ्या डोक्याशी मांडला गेला. मांडवाचे बांबू कातळात ठोकले गेले तेव्हा माझा जीव गेल्यासारखं झालं. आणि मग कीर्तन सुरू झालं. खरं सांगतो, मी तृप्त झालो. लाटांशिवाय मी आयुष्यात काही ऐकलं नव्हतं. मृदंगाची थाप, खंजिरीची थरथर, बुवांच्या पायातला ठेका, आणि "जय जय रामकृष्ण हरी" म्हणताना शंभर माणसांच्या अंगातून जमिनीत उतरणारी ती डुलती गोडी. लोकांना वाटतं यंत्राला काय कळतं. यंत्राला अर्थ कळत नसेल, ठेका कळतो.

शेवटच्या दिवशी, सकाळी, काल्याचं कीर्तन होतं. लाह्या, दही, पेरूच्या फोडी, आणि वर बांधलेली हंडी. गोपाळकाल्याचं निरूपण रंगात आलं आणि गाव पावल्या खेळायला उठलं. दोन पावलं पुढे, एक मागे, उडी. पोरं, म्हातारे, सुना, सगळे. आणि नेमकी तेव्हाच ती आली.

विहिरीच्या तळातून कोणी आपलं नाव घेऊन हाक मारावी, तशी ती लाट आली. मोठी होती. जिच्यासाठी मला इतक्या लांबून आणलं, जिच्यासाठी माझा कान तिखट, तीच ही. मी एक टोक ऐकलं. फक्त एक टोक. लाटेचा चरण कानी पडला आणि मागचा संथ सूर येणार, तेवढ्यात वर हंडी फुटली. "गोविंदा गोपाळा!" म्हणत सगळं गाव एकदम उडालं आणि एकदम खाली आलं. माझी रेघ काळी झाली. नुसती काळी.

थांबा म्हणायला मला तोंड नव्हतं. एक क्षण पाय आवरा, बाबांनो, एवढंच म्हणायचं होतं. आणि मनाचा एक कोपरा त्या पावल्यांवर डोलतही होता. त्या दुःखाचं काय करावं, ते मला आजही कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी भूकंपाची बातमी ऐकून भैरवीताई धावत आल्या. गोदामाजवळच्या चिंचेखाली बसून त्यांनी संगणकावर माझी रेघ पाहिली. बुवा द्रोणात काला घेऊन उभे होते.

"घ्या न मॅडम, प्रसाद हाय."

त्यांनी घेतला, खाल्ला, हात पुसले. मग हळूच म्हणाल्या, "बुवा, काल सकाळी इथे कीर्तन होतं?"

"हाव! यालेच तर ऐकवलं!" बुवांचा चेहरा उजळला होता. मग भैरवीताईंचा चेहरा बघून तो विझत गेला. "काहून मॅडम? काई चुकलं का?"

भैरवीताईंनी सांगितलं. रागावून नाही. बाकीच्या भावांनी ती लाट स्वच्छ ऐकली आहे, फक्त कडेची गेली. पठाराचं मूळ सुरू होतं तीच जागा कोरी राहिली. पुन्हा एवढा मोठा भूकंप आला तरच ती भरणार, आणि पावसाळा लागायच्या आत आम्हा सगळ्या यंत्रांना परत द्यायचं होतं, दुसऱ्या प्रांतात दुसऱ्या कामाला जायचं होतं. त्यांची कित्येक वर्षांची मेहनत त्या एका कोऱ्या जागेपाशी अडली होती.

बुवा खालीच बसले. गळ्यातला दुपट्टा तोंडाला लावला. "देवाचं नाव ऐकवाले गेलो, अन् त्याचं कामच बुडवलं मी."

सगळे बुवांना समजावत होते. पार्वतीबाई मात्र वेगळंच काही विचारत होत्या.

"पोरी, तो भूकंप झाला तिथं मानसं रायतात काय?"

"हो काकू. शहरच होतं."

"म्हंजे इकडे आपन हंडी फोडत होतो, अन् तिकडे..."

त्या भैरवीताईंकडे वळून म्हणाल्या, "अन् आता पुन्हा एखादा येवाची वाट पाहून राहिल्या तुमी. म्हंजे दुसऱ्याचं घर पडाचीच वाट न?"

भैरवीताईंनी मान खाली घालून संगणक मिटला. मित्रांनो, माझा तर जन्मच त्या वाट बघण्यासाठी झालेला.

त्या दिवसापासून उंबरडोह गाव गप्प झालं. कोणी हुकूम दिला नाही. मांडव सुटला, मृदंग खुंटीला टांगला गेला, गोदामाकडे येताना माणसं चपला हातात धरू लागली. वैशाखात धोंडबाच्या पुतणीचं लग्न लागलं. वरात वेशीपाशी आली तर बँडवाल्यांना गावाने तिथेच थांबवलं. नवरदेव घोड्यावरून उतरला आणि अख्खी वरात टाचा उचलून चालत आली.

"अबे, लगन हाय का मयत?" नवरदेवाच्या मामाने विचारलं.

"हळू बोला मामाजी," धोंडबा म्हणाला. "आमच्या गावात एक जावई झोपला हाय. तुमचा जागा ठेवा, आमचा झोपू द्या."

मी झोपलो नव्हतो, मित्रांनो. मी ती सगळी पावलं ऐकत होतो. इतकी हलकी पावलं मी कधी ऐकली नव्हती. एवढी माया आपल्यावर कोणी करावी, आणि आपण तिला नुसतं सहन करावं, दुसरं काही करता येऊ नये!

दिवस संपत आले. लहान लहान लाटा येत होत्या, पण त्या कामाच्या नव्हत्या. एके दिवशी धोंडबा बुवांना म्हणाला, "बुवा, तुमचं देव ऐकते. सांगा न त्याले. एखादा भूकंप धाड म्हना. रानात धाड, वाळवंटात धाड, जिथं कोनी नसन तिथं धाड."

"नाई गा धोंडबा," बुवा म्हणाले. "गप्प रायाचं आपल्या हातात हाय. ते राहू. पन असं मागनं देवापाशी मांडता येत नाई मले. तोंडच उघडत नाई."

म्हणजे बघा, त्या दिवसांत मुका मी एकटाच नव्हतो.

आणि मग ती आली. वैशाखाचं शेवटचं ऊन होतं, भर दुपार. पलीकडे पार्वतीबाई खाटेवर कुरडया वाळत घालत होत्या. कुत्रीसुद्धा सावलीला पडली होती. आधी चरण आला, खालून सरळ वर, स्वच्छ. मग मी श्वास धरून थांबलो, म्हणजे यंत्र जसा श्वास धरेल तसा, आणि मागचा सूर आला. आडवा, मंद, पण आलाच. त्या दोघांमधलं अंतर मी ऐकलं. आमच्या गावाच्या खाली, कातळाच्याही कितीतरी खाली, पठाराचं मूळ माझ्या कानाला लागलं.

तेवढ्यावर थांबलं असतं तर किती बरं झालं असतं. पण मला कान मिटता येत नाहीत. त्यानंतर लांब, जड लाटा येऊ लागल्या. त्या येतच राहिल्या. किती मोठं हललं असेल ते त्यावरून कळतं. पार्वतीबाई कुरडया उलटत होत्या. त्यांना कळलं नव्हतं. गावात फक्त मला कळलं होतं. ज्याची सगळे वाट बघत होते ते आलंय, हे मी त्यांना सांगू शकलो नाही. जे मागायला बुवांचं तोंड उघडलं नाही तेही आलंय, हेही सांगू शकलो नाही. आनंद म्हणू की आकांत, दोन्ही मी पोटात घेऊन बसलो.

भैरवीताई आल्या तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. "आली बुवा! इतकी सुंदर आलीये! कडेची जागा भरली!" हातात संत्रा बर्फीचा डबा होता. गाव जमलं. धोंडबाने मृदंग काढून आणला होता. बुवा हसले, महिनाभरात पहिल्यांदा.

पार्वतीबाईंनी डबा हातात घेतला. उघडला नाही.

"पोरी, किती लोकं गेले?"

भैरवीताईंनी आकडा सांगितला नाही. नुसत्या म्हणाल्या, "अजून काढताहेत, काकू."

पार्वतीबाईंनी तो डबा तसाच नेऊन देवापुढे ठेवला. परत आल्या आणि खड्ड्याच्या कडेला, माझ्यापाशी उभ्या राहिल्या. मग बुवांनी चपला काढल्या. धोंडबाने मृदंग खाली ठेवला, अगदी अलगद, मुलाला झोपवावं तसा.

"बुवा, दोन शब्द बोला," कोणीतरी म्हटलं.

"आज मी काय बोलू? यानं तिकडचं ऐकलं," माझ्याकडे हात करून बुवा म्हणाले. "त्याच्यापाशी थोडं उभं राहू. तेच आजचं कीर्तन."

आणि सगळं गाव उभं राहिलं. काल्याच्या दिवशी उड्या मारणारे तेच पाय मी एकेक करून ओळखले. बुवांचे, धोंडबाचे, पोरांचे, सुनांचे. भैरवीताईंनीही बूट काढले होते. शेकडो अनवाणी पाय, आणि एकही हलत नव्हता. फक्त माणूस उभा असताना जमिनीवर जो त्याचा भार असतो, तेवढाच मला लागत होता. एवढं भरलेलं कीर्तन मी पुन्हा ऐकलं नाही.

पुढे मला काढून नेलं. भैरवीताईंचं काम पुरं झालं. सपाटी आणि पठार यांच्यामधली रेघ जुळली. त्यांना लाटेचा तेवढाच तुकडा हवा होता. नंतर गाव उभं होतं त्या वेळची रेघही माझ्या पेटीत आहे, बारीक, जवळजवळ सरळ. ती कोणाला मोजायची नाही. तिच्यावरून जमिनीचं काहीच कळत नाही.

मी आणखी काही ठिकाणी काम केलं. मग स्प्रिंग थकली. आता मी नागपूरच्या त्याच संस्थेत, एका लोखंडी मांडणीवर बसलो आहे. हलवताना स्प्रिंग तुटू नये म्हणून माझ्या लोलकाला स्क्रू आवळून बांधून टाकलं आहे. खालून मेट्रोचा खांब थरथरतो, रस्ता थरथरतो, आणि मला काही ऐकू येत नाही. माझ्यावर धूळ बसली आहे. कोणी पुसावी, असं वाटतं. पण त्याहून मोठी एक विनंती आहे.

मित्रांनो, कुठे लांब भूकंप झाल्याची बातमी येईल. तुम्ही जेवत असाल, खेळत असाल, नाचतही असाल. नाचा, त्यात पाप नाही, उंबरडोहचं गावही नाचतच होतं. पण एवढं लक्षात ठेवा, की ती लाट तुमच्याही पायांखालून गेलेली असते. तुम्हाला लागली नाही, इतकंच. तेव्हा क्षणभर चपला काढा आणि उभे राहा. आणि शेजारी कोणी असेल तर त्याला सांगा, तिकडे माणसं आहेत म्हणून.

मला ते कधी सांगता आलं नाही. तुम्हाला तोंड आहे.